माधवरावांच्या सुऱ्यांना पाणी कुणी दिलं

ह्या अंकाचे संपादक स्वतः घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "नाना, तुम्ही जन्म भट्टीपुढं काढलात. तलवारी, कट्यारी, असं काहीतरी लिहा. वाचकांना आवडतं." मी म्हटलं, "साहेब, मी आयुष्यात एकही तलवार केलेली नाही." विळे केले, खुरपी केली, कुऱ्हाडी केल्या, बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवल्या, नांगराचे फाळ तर किती ठोकून दिले त्याची गणती नाही. तलवार मागायला सोलापुरात भवानी पेठेच्या लोहाराकडं कोण येणार? संपादकांचं तोंड एवढंसं झालं. मला दया आली. म्हणून म्हटलं, तलवारी नाहीत, पण सुऱ्यांची एक हकिगत आहे, आणि तिच्यात माझी लाज आहे. ते लगेच म्हणाले, "लिहा." दुसऱ्याची लाज म्हटली की लोकांच्या अंगात हुरूप येतो.

ही गोष्ट सोलापुरात तीस साली लागलेल्या मार्शल लॉच्या आधीच्या दोन-चार वर्षांतली. माझी भट्टी भवानी पेठेत, रस्त्याला लागून. मी घण मारायचो आणि माझी बायको गिरजा भाता ओढायची. लोहाराच्या घरात बाई भात्यावर असतेच, त्यात नवल काही नाही. पण गिरजाचं तसं नव्हतं. ती भाता ओढता ओढता माझं कामही बघायची, आणि चुकलं की भाता न थांबवता सांगायची.

गिऱ्हाईक म्हणाल तर दोन तऱ्हेचं. एक पोटासाठी येणारं. सांगोल्याकडचा एक धनगर दरवर्षी मेंढ्यांची लोकर कातरायची कातर घेऊन यायचा. कातर माझ्या हातात दिली की समोर उकिडवा बसायचा. मी म्हणायचो, "जा की पेठेत, चक्कर मारून या. दुपारी न्या." तर म्हणायचा, "तुजं काम तू कर. माजं बगायचं काम मी करतो." चार तास पापणी हलवायचा नाही. आपलं पातं नजरेआड झालं की लोहार त्यात काही तरी करतो, असा त्याचा समज. मला त्याचा राग यायचा. पुढं जे झालं त्यानंतर राग गेला.

दुसऱ्या तऱ्हेचं गिऱ्हाईक म्हणजे हौशी. ह्यांना सुरी विकत घ्यायची नसते, स्वतः करायची असते. का, ते विचारायचं नाही. असे तीन जण माझ्याकडं यायचे. इब्राहीमभाई टांगेवाला, त्याला घोड्याचे खूर तासायची सुरी करायची हौस, पण त्याची मूठ कधी टिकली नाही, दर वेळी पातं खुरात आणि मूठ हातात. दुसरा यल्लप्पा, मागावरचा विणकर. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, सुतासारखंच बारीक काम. बोटाएवढी पाती करायचा आणि धोतराच्या काठावर धार बघायचा. आणि तिसरे माधवराव.

माधवराव मूळचे करमाळ्याचे. इथं कचेरीत कारकून. बारीक अंगाचे, चष्मा, बंद गळ्याचा कोट, खिशात साखळीचं घड्याळ आणि एक वही. पहिल्या दिवशी आले ते दारातच थांबले आणि म्हणाले, "नाना, मला पातं करायला शिकवाल का? तुम्हाला वेळ असेल तेव्हा." मी मागं वळून बघितलं, कुणाशी बोलताहेत म्हणून. कचेरीतला माणूस लोहाराला 'तुम्ही' म्हणायचा तो काळ नव्हे. बाकीचे कोट-टोपीवाले मला "ए लोहार" म्हणायचे, आणि नातवंडं झालेल्या माझ्या चुलत्यालाही तसंच. हा माणूस तुम्ही म्हणाला आणि मी तिथंच विरघळलो. पुढची सगळी चूक तिथून सुरू झाली.

आता ज्यांना ह्या धंद्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पातं ठोकणं अवघड नाही, घासणं त्याहून नाही. गिरणीतून मोडीत काढलेली कानस घ्यायची, लाल करायची, ठोकून आकार आणायचा, मग निवांत बसून घासायची. खरा जीव आहे तो पाणी देण्यात. तयार झालेलं पातं परत तापवायचं आणि डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल झालं की एका दमात बुडवायचं. जाड असेल तर पाण्यात, पातळ असेल तर करडईच्या तेलात. तेलात बुडवलं तरी म्हणायचं पाणीच दिलं. लाली कमी असताना बुडवलं तर पातं मऊ राहतं, धार धरत नाही. नीट बुडवलं तर काचेसारखं कडक होतं, पण काचेसारखंच फुटतं. म्हणून मग ते घासून चकचकीत करायचं आणि निखाऱ्यावर जराशी ऊब द्यायची. पात्यावर रंग चालायला लागतात. आधी वाळल्या कडब्याचा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. सुरी कडब्याच्या रंगावर थांबवायची. डोळा मिटून उघडेपर्यंत रंग पुढं गेलेला असतो. भट्टीची जागा आम्ही अंधारी ठेवतो ती ह्याच्यासाठी, गरिबीमुळं नव्हे.

माधवरावांचा हात घासण्यात असा, की मी तसा दुसरा बघितला नाही. दोन्ही बाजू सारख्या, पाठ सरळ, टोकाला नेमकी जागा. मूठ बाभळीची, खिळे बेमालूम. पण पाणी द्यायची वेळ आली की हे खिशातून घड्याळ काढायचे. पहिल्या वेळी मी सांगितलं होतं, "साधारण एवढा वेळ लागतो," आणि त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. झालं. त्या दिवशी कोळसा ओला आहे का, भाता कसा चाललाय, पातं जाड की पातळ, कशाशी काही घेणं नाही. घड्याळाचा काटा तिथं आला की पातं तेलात. दर वेळी लवकर. मनातून भीती, की जळेल. मी त्यांना अण्णा म्हणायचो. म्हणायचो, "अण्णा, रंग बघा." ते म्हणायचे, "बघतो ना," आणि बघायचे घड्याळाकडं.

पहिली सुरी त्यांनी अशी बुडवली आणि धार लावायला माझ्याकडं ठेवून गेले. मी कानस लावून बघितली. कडक पात्यावरून कानस घसरते, ह्यावर अशी धरली, जसं काही लाकूडच. मऊ. तेवढ्यात आठवलं, ही सुरी ते कचेरीतल्या मोठ्या कारकुनांना भेट देणार होते. म्हटलं, ते साहेब एक सुतळी कापतील, धार मुडपेल, आणि ह्या माणसाला सगळी कचेरी हसेल. गिरजाला म्हटलं, "जरा भाता वड." पातं लाल केलं, पुन्हा तेल दिलं, घासलं, कडब्याच्या रंगावर आणलं. दुसऱ्या दिवशी ते आले, सुरी बघितली. म्हणाले, "नाना, जमलं की." मी म्हटलं, "जमलं."

खरं सांगायचं तर निम्मी दया होती आणि निम्मा माझाच ताठा. माझ्या भट्टीतून मऊ पातं गेलं असं कुणी म्हटलेलं मला खपलं नसतं.

गिरजा त्याच दिवशी म्हणाली, "आवं, त्यास्नी सांगा की. शिकाया आल्यात, का मिरवाया?"

"सांगीन की."

"कवा?"

"पुडल्या बारीला."

पुढल्या बारीला दुसरी सुरी झाली. ती एका वकिलांना गेली. तिसरी करमाळ्याला त्यांच्या भावाकडं. तिन्ही बारीला मी तेच केलं. तिन्ही सुऱ्यांची वाहवा झाली. भावाचं पत्र आलं ते माधवरावांनी मला भट्टीवर येऊन वाचून दाखवलं. सुरीनं म्हणे वाळलं खोबरं लोण्यासारखं कापतं. मी ऐरणीकडं बघत "असं, असं" म्हणत राहिलो. गिरजानं भाता एवढ्या जोरात ओढला की ठिणग्या माधवरावांच्या कोटावर गेल्या.

आमच्याकडं पाडव्याची एक पद्धत होती. घरोघरच्या गुढ्या उभ्या राहिल्या की हे तिघे भट्टीवर जमायचे. इब्राहीमभाईची गुढी नसायची, पण तो घोड्याच्या गळ्यात साखरेची गाठी घालून यायचा, आणि घोडं ती अर्धी खाऊन टाकायचं. गिरजा सगळ्यांच्या हातावर कडुलिंबाची चटणी द्यायची. मुहूर्तापुरती भट्टी पेटवून मी वर्षाचा पहिला खिळा ठोकायचो. मग ज्यानं त्यानं ह्या साली काय करणार ते सगळ्यांसमोर बोलायचं. बोललेलं केलं नाही, तर पुढच्या पाडव्याला त्यानं मुहूर्ताचा भाता मारायचा. इब्राहीमभाई दर वर्षी भाता मारायचा.

तिसऱ्या सुरीनंतरच्या पाडव्यालाही त्यानं मारला. मग म्हणाला, "इस साल मूठ पक्की. नै रही तो सुरी बनाना छोड देता मैं." हे तो मागच्या सालीही म्हणाला होता. यल्लप्पा म्हणाला, "मी अंगठ्यात घालायचं पातं करणार. दोरा तुटला की हात मागावरून उचलायलाच नको." आम्ही सगळे 'वा' म्हणालो, कारण यल्लप्पा बोलला की करायचाच.

माधवरावांनी वही काढली. उभे राहिले. आम्ही कधी उभं राहून बोलत नव्हतो.

"मी ह्या वर्षी तीन गोष्टी करणार आहे," ते म्हणाले. "नोकरीचा राजीनामा. नवी पेठेत एक गाळा बघून ठेवलाय, तो घेणार. आणि त्यावर पाटी. माझ्या नावाखाली लिहिणार, 'पात्याचं पाणी खात्रीचं'."

यल्लप्पानं त्यांचे दोन्ही हात धरले. इब्राहीमभाई म्हणाला, "वा साब, मेरा घोडा तुमारे दुकान के सामने खडा रहेगा." मी मुहूर्ताचा खिळा सांडशीत धरून उभा होतो. तो तसाच गार झाला.

मी कसंबसं म्हटलं, "अण्णा, नोकरी कशाला सोडता? चाललंय तसं चालू द्या की. फावल्या वेळात करा."

ते हसले. मला वाटतं त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. "नाना, बारा वर्षं मी नकला करतोय. दुसऱ्यानं लिहिलेलं पुन्हा लिहायचं. त्यात माझं म्हणून एक अक्षर नाही. ह्या तीन सुऱ्या तेवढ्या माझ्या आहेत."

मी कडुलिंब चघळत राहिलो.

ते गेल्यावर गिरजानं भट्टी विझवली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आता तरी सांगता का न्हाय? दोन पोरी लगनाच्या हायती त्या माणसाच्या घरात. नोकरी गेली तर कुटं जातील? तुमच्या पाण्यावर दुकान किती दीस चालंल?"

"जातो," मी म्हटलं, आणि दुपारी खरंच त्यांच्या घरी गेलो. माधवराव गाळ्याच्या मालकाकडं गेलेले. ओसरीवर उमाबाई, त्यांच्या पत्नी, होत्या. सणाचा दिवस म्हणून त्यांनी श्रीखंडाची वाटी पुढं ठेवली. म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही आलात. मला विचारायचंच होतं. नाना, तुम्ही जातीचे कारागीर. ह्यांना खरंच येतं ना हे? मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही हो म्हणालात तर मी काळजी करणार नाही."

असा सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. 'नाही' एवढं म्हणायचं होतं. आणि मी काय म्हणालो? "हात लई चांगला हाय त्यांचा." खोटं नव्हतं, हात चांगलाच होता. पण त्यांनी विचारलं होतं ते हे नव्हे. त्या म्हणाल्या, "मग झालं," आणि त्यांचा चेहरा सैल पडला. मी श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून उठलो. घरी येऊन गिरजाला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजी न्हायच सांगितलं."

मी मनाशी ठरवलं, उद्या त्यांना कचेरीत जायच्या आधी गाठायचं. सकाळी उठून निघणार तोच दारात गाडी येऊन थांबली, चाकाची धाव निसटलेली, गाडीत भुसार भरलेलं, बैल उन्हात. ते सोडून जाता येईना. खरं म्हणजे येत होतं. गिरजा म्हणालीच, "गाडी थांबंल." मी गाडीच्या आड लपलो म्हणा ना. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला तेव्हा कुठं मोकळा झालो, आणि तोवर माधवराव कचेरीत.

संध्याकाळी पाचच्या पुढं ते आपणहून आले. अंगात नवा उत्साह, हातात घासून तयार केलेलं पातं. "नाना, दुकानातली पहिली सुरी. आज पाणी देऊ."

"राजीनामा?" मी विचारलं.

"दिला. सकाळीच."

गिरजानं माझ्याकडं बघितलं. मी आयुष्यात पुष्कळ तापलेलं लोखंड हातात धरलंय, पण त्या बघण्यासारखं काही भाजलं नाही.

मी म्हटलं, "अण्णा, आज मी हात लावत न्हाय. तुमीच करा सगळं. इथंच बसून."

त्यांनी घड्याळ काढलं. गिरजा भाता ओढायला लागली. काटा आला, पातं तेलात गेलं. तांबूससुद्धा नीट झालं नव्हतं. त्यांनी बाहेर काढलं, पुसलं, समाधानानं माझ्यापुढं धरलं. मी कानस त्यांच्या हातात दिली. "लावून बघा."

त्यांनी लावली. कानस धरली. पात्यावरून लोखंडाचा भुगा खाली पडला. त्यांनी दुसऱ्या जागी लावली, तिसऱ्या जागी लावली. मग म्हणाले, "हे मऊ आहे."

"व्हय."

"आज चुकलं वाटतं काहीतरी."

"आज न्हाय अण्णा. दर बारीला चुकतं. आधीच्या तिन्हींना पानी मी दिलंया. तुमी गेल्यावर."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. "तिन्ही?"

"तिन्ही."

"करमाळ्याचीसुद्धा?"

"ती बी."

भाता थांबला होता. मग ते हळू आवाजात म्हणाले, "तू मला आधी का नाही सांगितलंस?" एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते मला तू म्हणाले. मला ते बरोबरच वाटलं. मी म्हटलं, "लाज वाटली. तुमची न्हाय, माजी." ते तिथंच लाकडाच्या ओंडक्यावर बसले. म्हणाले, "गाळेवाल्याला शब्द दिलाय. घरी सांगून बसलोय. उद्यापासून मी कोण?"

सुचलं ते गिरजाला. ती हात पुसत पुढं आली आणि म्हणाली, "कागदच दिलाय न्हवं? मग दिला तसा परत मागायचा."

"सरकारी कागद परत मिळत नसतो, गिरजाबाई."

"मागून बगितलाय का कवा?"

माधवरावांनी बारा वर्षांत कचेरीत काही मागितलंच नसावं. गिरजा मला म्हणाली, "इब्राहीमभाईला सांगा, उद्या कचेरी उगडायच्या आत टांगा हितं लावाया. आनि तुमी बी जायचं संगट. पाप तुमचं हाय."

सकाळी टांगा दारात आला. इब्राहीमभाईला सगळं सांगावं लागलं. तो ऐकून घेत होता, लगाम हातात. मग मला म्हणाला, "नाना, ये तो भौत बुरा काम किए तुम." मी म्हटलं, "ठाऊक हाय, हाक." वाटेत त्यानं घोड्याला एकदाही चाबूक लावला नाही, पण घोडं धावत होतं. माधवराव मागं बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर.

कचेरीत मोठे कारकून नुकतेच येऊन बसले होते. ज्यांना पहिली सुरी गेली होती तेच. माधवराव त्यांच्या टेबलापुढं उभे राहिले, मी दाराशी. "काल मी दिलेला कागद परत हवा होता," ते म्हणाले.

मोठे कारकून मान वर करून म्हणाले, "राजीनामा? का बुवा? काल तर फार आनंदात होतात."

"साहेबांकडं गेला का?"

"साहेब फिरतीवर आहेत. पण मी विचारतोय का ते. कागद असा मागता येत नाही, कारण सांगावं लागेल."

खोलीत आणखी चार-पाच कारकून होते. टाक थांबले. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी सांगेल, घरची अडचण, तब्येत, काहीही. मीही मनात म्हणत होतो, काहीही सांगा. माधवराव म्हणाले, "मला सुऱ्या करता येत नाहीत."

मोठ्या कारकुनांना काही कळेना. त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि ती सुरी काढली, टाचण्यांच्या डबीशेजारी ठेवलेली. "मग ही?"

"तिचं पाणी माझं नाही. ह्यांचं आहे." आणि त्यांनी माझ्याकडं हात केला.

सगळी खोली माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "साहेब, आकार त्यांचा, मूठ त्यांची, घासणं त्यांचं. पाणी तेवढं मी चोरून दिलं. त्यांना सांगितलं न्हाय. चूक माझी हाय." आयुष्यात सरकारी कचेरीत मी एवढं बोललो ते तेव्हाच.

मोठ्या कारकुनांनी सुरी परत खणात ठेवली. मग आल्या-गेल्या टपालाची नोंद ठेवणाऱ्या बारनिशीच्या कारकुनाला त्यांनी हाक मारली. "कालचं टपाल चढवलं का?" तो म्हणाला, "नाही साहेब, पाडव्याची सुट्टी झाली, सुट्टीच्या आधीचंच चाललंय." मोठ्या कारकुनांनी समोरच्या गठ्ठ्यातून एक कागद काढला, घडी केली आणि माधवरावांच्या हातात दिला. म्हणाले, "सुऱ्या करता आल्याच पाहिजेत असं तुमच्या नेमणुकीत कुठं लिहिलंय? जा, जागेवर बसा. करमाळ्याच्या नकला पडल्यात."

एवढंच. माधवराव जागेवर जाऊन बसले, टाक उचलला. मी टांग्यापाशी येऊन इब्राहीमभाईला म्हटलं, "मिळाला." त्यानं घोड्याच्या मानेवर डोकं टेकलं आणि "या अल्ला, शुकर" म्हणाला. घरी आलो तर गिरजा दारातच उभी. मी नुसती मान हलवली. ती आत गेली आणि कांदा चिरत बसली. कांदा नसता तरी डोळे पुसले असते तिनं. त्या दिवशी मी दुपारीच झोपलो. तीन वर्षं न झोपल्यासारखा झोपलो. माझ्यावरचा भार गेला होता, आणि त्या दोन पोरींच्या घरात पगार येत राहणार होता. दुसरं काही मला नको होतं.

उमाबाई पुढं कधीतरी गिरजाला बाजारात भेटल्या. त्यांना नवऱ्यानं सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या म्हणे, "नानांना सांगा, राग नाही. पण त्या दिवशी ओसरीवर 'नाही' म्हणाले असते तर बरं झालं असतं." गिरजानं ते मला जसंच्या तसं सांगितलं. असलं काही असलं की ती एक शब्द गाळत नसे.

माधवराव मात्र भट्टीवर यायचे बंद झाले. रस्त्यात दिसले तर लांबून नमस्कार. इब्राहीमभाई आणि यल्लप्पा यायचे, पण त्यांची नजर बदलली. एक दिवस इब्राहीमभाई आपली खुरांची सुरी घेऊन आला आणि म्हणाला, "नाना, सच बोलो. हमारे में भी कुछ किए क्या?" मी म्हटलं, "भाई, तुझ्या सुरीकडं बघून कळत न्हाय व्हय, कुणी काय केलं नसल ते?" तो नाराज झाला, पण मनातून सुखावला असावा, कारण जाताना मूठ घट्ट धरून गेला. यल्लप्पानं काही विचारलं नाही. तो आता धनगरासारखा समोर बसून राहायचा.

असा वर्षभराचा सुना काळ गेला. पुढच्या पाडव्याला दहा वाजले, इब्राहीमभाई मुहूर्ताचा भाता मारत होता, आणि माधवराव दारात. तोच कोट. गिरजानं त्यांच्या हातावर कडुलिंब ठेवला. ते बसले. यल्लप्पा बोलला, इब्राहीमभाई बोलला. मग माधवराव म्हणाले, "मी ह्या वर्षी एक पातं करणार. पाणी मी देणार. सुट्टीच्या दिवशी येईन. भात्यावर गिरजाबाई असतील. आणि मी पाणी देत असताना नाना बाहेर बसतील."

माझ्याच भट्टीतून मला बाहेर काढत होते. मी म्हटलं, "बसतो."

त्यांनी रविवार धरले. ते आत, मी बाहेर पायरीवर. लोक जाता-येता विचारायचे, "नाना, आज काम बंद?" मी म्हणायचो, "आत अण्णा पाणी देताहेत." पहिल्या रविवारी आतून 'टिंग' असा आवाज आला. तो आवाज लोहाराला लांबूनही कळतो. पातं तडकलं. मला एका परीनं बरंच वाटलं, म्हणजे लाल झालं होतं पुरेसं. गिरजा बाहेर येऊन म्हणाली, "घड्याळ घरी ठिवून आल्यात." दुसरं पातं वाकलं, तिसरं तडकलं, पुढची मऊ राहिली. गिरजा दर वेळी एवढंच सांगायची, "आज बी गेलं." मी एकदा हळूच म्हटलं, "जरा सांग की त्यांना, रंग थोडा अलीकडं..." तर म्हणाली, "तुमी गप ऱ्हावा." मी गप्प राहिलो. जन्मभर दुसऱ्यांच्या पात्यांना पाणी दिलं, पण हात बांधून पायरीवर बसण्यासारखं कष्टाचं काम मी केलं नाही.

सातव्या रविवारी आत बराच वेळ काही ऐकू आलं नाही. भाता चालला होता, मग थांबला, मग तेलाचा चर्र आवाज, मग पुन्हा शांतता. पातं घासल्याचा आवाज आला. पुन्हा भाता अगदी हळू. मी उठून दाराच्या फटीशी गेलो आणि परत येऊन बसलो.

माधवराव बाहेर आले तेव्हा त्यांच्या गालावर काजळी होती आणि हातात फडक्यात गुंडाळलेलं पातं. मागं गिरजा, पदर खोचलेला. तिचा चेहरा बघून मला कळलंच, पण मी विचारलं, "जमलं का अण्णा?"

त्यांनी मान हलवली.

मी हात पुढं केला. "बघू तरी."

"नको नाना," ते म्हणाले, "तुमचा हात लागेल."

आणि पातं कोटाच्या खिशात घालून ते घरी गेले. ती सुरी मी अजून बघितलेली नाही.